हळूहळू झिजणारी भाषा आणि तिचे प्रकार लावणारा संगणक

पक्षाघाताच्या झटक्याने वाचा जाते ती अचानक. काहींची भाषा मात्र वर्षानुवर्षं झिजत जाते. 1892 मध्ये प्रागचे डॉक्टर आर्नोल्ड पिक यांनी असा एक वृद्ध रुग्ण नोंदवला. पुढे बराच काळ असे रुग्ण सरसकट ‘स्मृतिभ्रंशा’त जमा होत राहिले. 1982 मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ मार्सेल मेसुलम यांनी सहा रुग्णांचं वर्णन करून दाखवलं, की बाकी बुद्धी बरीचशी शाबूत असतानाही एकटी भाषा ढासळू शकते. ‘प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया’ (हळूहळू वाढत जाणारा भाषालोप) हे या आजाराचं नाव त्यांचंच.

त्याचे तीन प्रकार सर्वसंमतीने ठरले ते थेट 2011 मध्ये. सिमँटिक प्रकारात बोलण्याचा ओघ टिकतो, पण शब्दांचे अर्थ पुसले जातात आणि ‘ते’, ‘तसलं काहीतरी’ वाढत जातं. नॉन-फ्लुएंटमध्ये बोलायलाच कष्ट पडतात, व्याकरण मोडतं. लोगोपेनिकमध्ये ऐनवेळी शब्द सापडत नाही, लांब वाक्य ऐकून पुन्हा म्हणता येत नाही. या शेवटच्या प्रकाराच्या मुळाशी बहुतेकदा अल्झायमर असतो, म्हणून हा भेद नुसता कागदी नाही.

2014 मध्ये टोरंटोच्या कॅथलीन फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी 24 रुग्ण आणि 16 निरोगी माणसांकडून सिंड्रेलाची गोष्ट वदवून घेतली. लिहून काढलेल्या बोलण्यातून संगणकाने नामं-सर्वनामांचं प्रमाण, वाक्यांची गुंतागुंत, शब्द किती रुळलेले आहेत हे मोजलं. रुग्ण आणि निरोगी वेगळे काढणं त्याला सोपं गेलं. रुग्णांचे दोन प्रकार एकमेकांपासून वेगळे करणं तुलनेने अवघड. लोगोपेनिक त्यात नव्हताच. 2021 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने 44 रुग्णांमधले तिन्ही प्रकार संगणकाकडून ओळखून पाहिले आणि सुमारे 80 टक्के अचूकता गाठली.

पण अचूक म्हणजे कशाशी जुळणारं? डॉक्टरांनी आधी लावलेल्या लेबलांशी. आणि केंब्रिजच्या 2012 च्या अभ्यासात 46 पैकी सुमारे 40 टक्के रुग्ण तिन्ही चौकटींत नीट बसलेच नव्हते. संगणकाच्या यशाच्या बातम्यांत ही गोष्ट सहसा येत नाही.

शिवाय हे मोजमाप बहुतांशी इंग्रजी बोलण्यावर बेतलेलं. मराठीत ‘गेलो होतो’ म्हटलं की ‘मी’ची गरज उरत नाही, त्यामुळे सर्वनामं मोजण्याचा निकष इथे तसाच्या तसा चालणार नाही. विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदाची रूपं कुठे चुकतात, हे मात्र मोजता येईल. त्यासाठी आधी मराठी रुग्णांचं बोलणं ध्वनिमुद्रित व्हायला हवं.