कुंभार कावळा हा कावळा नव्हे

एका पक्षीगणनेच्या सकाळी माझ्या वहीत तीन नोंदी आल्या. भारद्वाज एक, कुंभार कावळा दोन, सोनकावळा एक. तिघांनी तीन बाजूंनी येऊन सांगितलं आणि मी इमानेइतबारे लिहून घेतलं. संध्याकाळी बेरीज करताना लक्षात आलं की या तीन जाती नाहीतच, एकाच पक्ष्याची ही तीन नावं आहेत. काळं अंग, विटकरी पंख, गुंजेसारखे लाल डोळे आणि झुडपाखालून सावकाश, रुबाबात चालत जायची सवय. शास्त्रीय नाव सेंट्रोपस सायनेन्सिस. जातींचा घोळ सुटला, पण पक्षी चार होते की तीनदा दिसलेले तेच दोन, हे मात्र आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

त्यात हा कावळाही नाही. तो कोकिळेच्या गोतावळ्यातला. पण कोकिळा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते, तर हा स्वतः घरटं बांधतो आणि स्वतःच पिल्लं वाढवतो. ‘कुंभार’ कुठून आलं असेल? भाजलेल्या मातीच्या रंगाचे ते पंख पाहिले की मला तरी वेगळं कारण शोधावंसं वाटत नाही. ‘भारद्वाज’ची गंमत वेगळीच आहे. संस्कृत कोशांत भरद्वाज म्हणजे चंडोलाच्या कुळातला, गात गात आकाशात चढत जाणारा पक्षी. तेच नाव मराठीत येऊन बसलं ते एका झुडपातून दुसऱ्या झुडपापर्यंत जेमतेम उडणाऱ्या या स्वारीवर.

नाव ठेवणारा माणूस काही पक्ष्याचं शवविच्छेदन करत नव्हता. नवा पक्षी दिसला की ओळखीच्या पक्ष्याला जोडून द्यायचा आणि जिथे दिसला ती जागा पुढे लावायची. पाण्यातला काळा तो पाणकावळा, गवतातून उंच उड्या मारणारा तो तणमोर. एकाचं कावळ्याशी नातं नाही आणि दुसरा माळढोकाचा धाकटा भाऊबंद आहे, मोराचा नव्हे. ही खोड फक्त आपली नाही. पाणकावळ्याला इंग्रजीत कॉर्मोरंट म्हणतात. त्या भारदस्त शब्दाची फोड केली तर आत लॅटिन ‘कॉर्वस मरिनस’ सापडतं, म्हणजे समुद्री कावळा! एकमेकांना न विचारता दोन भाषांनी एकच चूक केली.

करकोच्याचा गोंधळ याहून खोल आहे. आपल्याकडे ‘कांड्या करकोचा’ आहे आणि ‘पांढरा करकोचा’ही आहे. दोघेही लांब पायांचे, लांब मानेचे, हिवाळी पाहुणे. पण पहिला क्रौंच कुळातला. हे कूळ जमिनीवर घरटं करतं आणि त्याची तुतारी दूरवर ऐकू जाते. दुसऱ्याचं कूळच वेगळं. तो उंचावर काटक्यांचा ढीग रचतो, गळ्यातून जवळजवळ आवाजच काढत नाही आणि बोलायचं झालं तर चोच टकटक वाजवतो. वर्गीकरण सांगतं की कांड्या करकोच्याला पांढऱ्या करकोच्यापेक्षा पाणकोंबडी जवळची. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटून पुन्हा मागे आलो होतो.

आणि मग हंस. डोळे मिटून हंस म्हणा. पांढराशुभ्र, बाकदार मानेचा पक्षी समोर येतो ना? तो म्हणजे इंग्रजीतला स्वान, आणि भारतात तो क्वचितच, चुकूनमाकून येतो. ‘हंस’ या शब्दाचे सख्खे भाऊ युरोपात आहेत. लॅटिनमध्ये ‘आन्सर’, जर्मनमध्ये ‘गान्स’, इंग्रजीत ‘गूज’. सगळ्यांचा अर्थ एकच, बदकाहून थोराड आणि गवत चरणारा पक्षी. तसा आपल्याकडे दर हिवाळ्यात येणारा एक आहे, पट्टकादंब. अंग राखाडी, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. तिबेट आणि मध्य आशियातल्या सरोवरांकाठी तो वीण करतो आणि येता-जाता हिमालय ओलांडतो. पाठीवर यंत्र बांधून केलेल्या नोंदींत त्याची उंची 7,000 मीटरच्या वर गेलेली आहे. मानसरोवराकडे जाणाऱ्या हंसांच्या जुन्या कथेत हा अगदी चपखल बसतो. पण भाषांतरकारांनी हंसाचा स्वान केला, चित्रकारांनी त्याला बाक दिला आणि खरा प्रवासी शेतात चरत राहिला तरी आपण त्याला बदक म्हणून पुढे जातो.

आवाजावरून पडलेली नावं त्या मानाने प्रामाणिक असतात. तांबट तांबं ठोकल्यासारखा ‘टुक टुक’ करतो, आणि त्याच्या इंग्रजी नावातही तांबटच आहे. तरी ऐकणारा आपल्या मनातलं ऐकतोच. पावशा मराठीत ‘पेरते व्हा’ सांगतो, हिंदीत तो पपीहा होऊन ‘पी कहाँ’ विचारतो आणि उकाड्याने कावलेल्या इंग्रजांना तोच ‘ब्रेन फीव्हर’ ओरडताना ऐकू आला. शेतकरी, विरहिणी आणि तापाचा रोगी, तिघांना पुरून उरलेला एकच पक्षी. पुढे हिंदी काव्यात पपीह्यालाच चातक म्हणू लागले. आपला चातक मात्र वेगळा, काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला.

नर-मादीच्या बाबतीत तर लोकनावं बेधडक चुकतात. ‘कोकिळा गाते’ म्हणतो आपण, पण ती कुहू नराची असते. तो काळाकुळकुळीत, मादी तपकिरी आणि ठिपकेदार, त्यामुळे ती समोर बसली तरी अनेकांना निराळाच पक्षी वाटतो. सुगरणीचा खोपा विणतो तोही नरच. बहिरी ससाण्याची तऱ्हा आणखी न्यारी. तो ऐकायला कमी नाही. हे नाव अरबी-फारसीतल्या ‘बहरी’वरून, म्हणजे ‘समुद्राचा’ यावरून आलं असं मानतात. शिकारी पक्षी पाळणाऱ्यांच्या बोलीत गॉसहॉक या दुसऱ्या शिकारी पक्ष्याची मादी ‘बाज’ आणि त्याच जातीचा नर ‘जुर्रा’. मादी मोठी, शिकारीला दमदार, म्हणून दोघांचा हिशोबच वेगळा.

मग शास्त्रीय नावं वापरली की प्रश्न मिटला? बऱ्याच अंशी, पण तीही माणसांनीच ठेवलेली. शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने 1758 साली एका स्वर्गपक्ष्याला (बर्ड ऑफ पॅराडाइज) ‘अपोडा’ म्हणजे ‘बिनपायाचा’ असं नाव दिलं. कारण युरोपात पोचणाऱ्या त्याच्या कातड्यांचे पाय आधीच छाटलेले असत. नाव अजून तेच आहे आणि पक्षी दोन्ही पायांनी फांदीवर नाचतो आहे. टर्कीचंही तसंच. मूळची अमेरिकेतली, पण इंग्रजांनी तिला तुर्कस्तानची ठरवलं, तुर्कांनी ‘हिंदी’ म्हटलं, फ्रेंचांनीही नावात भारतच घातला, पोर्तुगीजांनी ‘पेरू’ केलं. लिनियसने तिला जे ‘मेलिआग्रिस’ दिलं, ते ग्रीकांचं गिनी कोंबडीचं नाव होतं.

त्या गणनेनंतर मी वहीत एक रकाना वाढवला, ‘सांगणाऱ्याने काय म्हटलं’. मध्यंतरी एका आजींनी त्यात ‘कुक्कुडकोंबा’ लिहायला लावलं. कसा दिसतो विचारलं तर म्हणाल्या, “असतो की काळा-तांबडा.” ओरडतो कसा विचारल्यावर त्यांनी हनुवटी छातीला टेकवली आणि घुमल्यासारखा आवाज काढला, “ऊप्, ऊप्, ऊप्, ऊप्.” मग बोट वर करून म्हणाल्या, “थांब, पलीकडून दुसरा ओ देतो. त्याचा आवाज जरा जाडा असतो.” भारद्वाजाची मादी जोडीने ओरडताना खालच्या पट्टीत ओरडते, हे मला पुस्तकातून कळलं होतं.

मी लिहिलं, भारद्वाज, जोडी.