पैसे भरले, तरी जाहिरात: या चिडीची जुनी मुळं

मे २०२५मध्ये अ‍ॅमेझॉनने भारतातल्या प्राइम सदस्यांना कळवलं की १७ जूनपासून प्राइम व्हिडिओवर सिनेमे आणि मालिका पाहताना मधे जाहिराती दिसतील. नको असतील तर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये जादा भरा. वर्षाचे १,४९९ रुपये आधीच भरून बसलेल्यांनाही यातून सुटका नव्हती. समाजमाध्यमांवर व्हायचा तो आरडाओरडा झाला. कुणी सदस्यत्व बंद करायला निघालं, कुणी पुन्हा टोरेंटकडे वळण्याची धमकी दिली. पैसे घेतलेत ना, मग जाहिराती कसल्या, हा सगळ्यांचा सवाल.

सवाल रास्तच आहे. नवल याचं की आपल्याकडे तो इतक्या उशिरा विचारला गेला. १ जानेवारी १९७६ला दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या तेव्हा घरात टीव्ही ठेवायला परवाना लागायचा आणि त्याचं वार्षिक शुल्क भरावं लागायचं. तो परवाना ऐंशीच्या दशकात गेला, नव्वदीत केबलवाला आला. दर महिन्याला दारात उभा राहून तो पैसे न्यायचा, आणि ज्या वाहिन्यांसाठी न्यायचा त्यांवर साबण-टूथपेस्टचा मारा चालूच असायचा. पुढे डीटीएच आलं, रिचार्ज आला, जाहिराती तशाच राहिल्या. केबलच्या नियमांनी तासाला कमाल १२ मिनिटांची मर्यादा घातली, त्यातली १० जाहिरातींची आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या प्रचाराची. २०१२-१३मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ तिची अंमलबजावणी करायला गेली, तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचलं आणि तिथे वर्षानुवर्षं रेंगाळलं. ही मर्यादा ओटीटीला लागूच नाही.

मग तेव्हा कुणी फारसं का चिडलं नाही? माझ्या मते एक कारण मालिकांच्या बांधणीत आहे. आपली दैनंदिन मालिका ब्रेक धरूनच लिहिली जाते. सासूचा चेहरा तीनदा जवळून दाखवला की घरातल्या सगळ्यांना कळतं, आता कुकर बंद करून यायला वेळ आहे. क्रिकेटमध्ये षटक संपतं तिथे जाहिरात बसते. म्हणूनच जिओहॉटस्टारच्या सर्वांत महागड्या योजनेतही थेट सामन्यात जाहिराती असतात, त्यावर कुरकुर होते पण फार नाही. सिनेमाचं तसं नाही. तो सलग पाहण्यासाठी कापलेला असतो. त्यात मधेच डिटर्जंट आलं की प्रसंगाचा पार विचका होतो.

अमेरिकेत हा वाद आपल्याहून जुना. १९५५मध्ये झेनिथ कंपनीने ‘फ्लॅश-मॅटिक’ हा बिनतारी रिमोट बाजारात आणला, तो विकताना लांबलचक जाहिरातींचा आवाज बंद करता येतो हाच मोठा गुण म्हणून सांगितला होता. नोव्हेंबर १९७२मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी गावात एचबीओ सुरू झालं, ते वर्गणीवर आणि बिनजाहिरातीचं. केबल म्हणजे जाहिरातमुक्त टीव्ही, ही समजूत बरीचशी एचबीओमुळे रुजली. खरं तर केबल मुळात डोंगराआड सिग्नल न पोचणाऱ्या गावांसाठी निघाली होती, आणि ती नेहमीच्याच वाहिन्या जाहिरातींसकट घरात आणायची. १९७९ला सुरू झालेल्या ईएसपीएनवरही जाहिराती होत्याच. २००२मध्ये टर्नर ब्रॉडकास्टिंगच्या प्रमुखांनी तर, रेकॉर्डरवर जाहिराती ओलांडून पुढे जाणं ही चोरीच, असं म्हणण्यापर्यंत मजल मारली.

नेटफ्लिक्सने या सगळ्यावर उतारा म्हणून नाव कमावलं. अनेक वर्षं कंपनी जाहिरातींना ठाम नकार देत राहिली. २०२२च्या पहिल्या तिमाहीत सुमारे २ लाख सदस्य घटले, आणि कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी जाहिरातींना दार उघडं असल्याचं सांगितलं. त्याच नोव्हेंबरात अमेरिकेत ६.९९ डॉलरची जाहिरातींसह योजना आली. डिस्नेने डिसेंबरमध्ये तोच रस्ता धरला.

पण नेटफ्लिक्स आणि अ‍ॅमेझॉन यांच्या पद्धतीत एक फरक आहे, आणि राग समजून घ्यायचा तर तोच पाहावा लागतो. नेटफ्लिक्सने जाहिरातींची योजना नवी आणि स्वस्त म्हणून काढली. ज्याला हवी त्याने घ्यावी. अ‍ॅमेझॉनने २९ जानेवारी २०२४ला अमेरिकेत जुन्याच सदस्यत्वात जाहिराती घातल्या आणि त्या काढायचे महिन्याला २.९९ डॉलर मागितले. काल जे पैशात मिळत होतं ते आज त्याच पैशात मिळेना. फेब्रुवारीत तिथे सामूहिक दावाही दाखल झाला. वर्षभराने न्यायालयाने तो फेटाळला: ही दरवाढ नव्हे, सेवेतला बदल आहे, आणि असा बदल करायची मुभा कंपनीने अटींमध्ये ठेवलेली आहे. ‘सहमत’वर टिचकी मारताना त्या अटी कोण वाचतो, हे वेगळं सांगायला नको.

आता भांडण आवाजावर आलं आहे. मूळ कार्यक्रमापेक्षा जाहिरात मोठ्याने वाजू नये, असा कायदा अमेरिकेत २०१०मध्ये झाला, पण तो वाहिन्या आणि केबलपुरता. स्ट्रीमिंग त्यातून सुटलं होतं. मोठमोठ्याने वाजणाऱ्या जाहिरातींनी तान्हं बाळ झोपेतून उठतं, या एका वैतागलेल्या बापाच्या तक्रारीवरून कॅलिफोर्नियात विधेयक आलं. ऑक्टोबर २०२५मध्ये त्यावर राज्यपालांची सही झाली; अंमलबजावणीची तारीख १ जुलै २०२६ ठरली.