घोड्याचा जेरबंद

पिंजऱ्यात बिबट्या अडकला की दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा असतो, 'बिबट्या जेरबंद'. हा शब्द मुळात घोड्याच्या साजातला. मार्गशीर्षाच्या शेवटी नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या घोडेबाजारात गेलात तर घोड्याच्या छातीकडे बघा. पुढच्या दोन पायांमधून वर येणारा, एका टोकाला पोटाखालच्या तंगाला, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याला, आणि दुसऱ्या टोकाला नाकावरच्या पट्ट्याला बांधलेला पट्टा म्हणजे जेरबंद.

फारसीत जेर म्हणजे खाली, बंद म्हणजे पट्टा. निजामाच्या राजवटीत, १९४८ पर्यंत, उर्दूतून शाळा शिकलेल्या आपल्या मराठवाड्यातल्या आजोबांना अक्षराखालची 'जेर' आणि अक्षरावरची 'जबर' या खुणा पाठ असत. 'जेरीस आणणं' यातला जेर तोच, आणि 'जबरदस्त'मधला जबर म्हणजे वरचा.

या पट्ट्याचं काम समजायला घोड्याच्या तोंडात डोकवावं लागतं. पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये बिनदाताची हिरडी असते. लगामाची लोखंडी कडी तिथं बसते. मान नेहमीसारखी असेल तर ओढ हिरडीवर आणि जिभेवर येते, घोडा ऐकतो. बुजलेला घोडा मात्र तोंड आभाळाकडे करतो. मग ओढीची दिशाच बदलते, कडी ओठांच्या कोपऱ्यांत चढते आणि स्वार जितकं ओढेल तितकं डोकं आणखी वर जातं. तेच डोकं स्वाराच्या तोंडावरही आदळू शकतं. जेरबंद नेमका इथं ताणला जातो. एरवी तो सैलच हवा. डोकं जागेवर असताना पट्टा वर ढकलला की घशाला टेकावा, एवढी ढील ठेवतात.

देखण्या मानेसाठी तो आखडून बांधलेला दिसला की माझा जीव तुटतो. घोड्याला दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसतं ते नाकाच्या रोखानं, म्हणून समोरचं लांबचं बघायला त्याला डोकं उचलावंच लागतं. शिवाय डोकं आणि मान मिळून वजन अंगाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकं. चालताना, चढ चढताना, उडी मारताना तो याच वजनावर तोल राखतो. आखडलेला पट्टा नजर आणि तोल दोन्ही हिरावतो. खोल पाण्यात उतरण्याआधी तर तो सोडतातच, कारण पोहताना नाक पाण्यावर ठेवायला घोड्याला मान पुरती मोकळी लागते.