आणीबाणी उठवायला दोन-तृतीयांश मतं लागत नाहीत

दरवर्षी २५ जून आला की एक समज पुन्हा फिरू लागतो : आणीबाणी लागली की ती उठवणं फक्त सरकारच्या हातात, आणि संसदेला उठवायचीच असेल तर दोन-तृतीयांश बहुमत हवं. हे चूक आहे.

पूर्वी मात्र परिस्थिती खरोखर वाईट होती. दोन्ही सभागृहांनी एकदा मंजुरी दिली की आणीबाणीला मुदतच नसे. चीन युद्धावेळी, ऑक्टोबर १९६२ मध्ये लागलेली आणीबाणी युद्ध संपल्यावरही जानेवारी १९६८ पर्यंत चालली.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हे बदललं. आता दोन-तृतीयांशाची अट आहे ती आणीबाणी मंजूर करताना आणि दर सहा महिन्यांनी वाढवताना. संपवायला एकट्या लोकसभेचं साधं बहुमत पुरतं, राज्यसभेची संमतीही लागत नाही. सभागृहाच्या एक-दशांश, म्हणजे ५४३ पैकी किमान ५५ खासदारांनी लेखी नोटीस दिली, की १४ दिवसांत खास बैठक घ्यावीच लागते. ठराव झाला, तर राष्ट्रपतींना उद्घोषणा मागे घ्यावी लागते.

ही तरतूद फक्त अनुच्छेद ३५२ खालच्या राष्ट्रीय आणीबाणीला आहे. राष्ट्रपती राजवटीला किंवा आर्थिक आणीबाणीला नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप (मतदानाबाबतचा पक्षादेश) झुगारणाऱ्या सत्ताधारी खासदाराची खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे ५५ सह्या जमवणं विरोधकांना शक्य आहे, बहुमत जमवणं फार कठीण.