संघटनात्मक परिवर्तन आणि नेतृत्व

कारखाना, बँक, शासकीय कार्यालय, रुग्णालय यांसारख्या संस्थांमधील कामाची रचना, साधने, अधिकारांची वाटणी किंवा कार्यपद्धती हेतुपुरस्सर बदलण्याच्या प्रक्रियेला संघटनात्मक परिवर्तन म्हणतात. हा बदल आखणे, तो संबंधितांच्या गळी न उतरवता त्यांच्या सहभागाने घडवणे आणि पुढे टिकवणे हे नेतृत्वाचे काम मानले जाते. या विषयावरील लेखन बहुतांशी वरिष्ठांच्या बाजूने झाले असल्याने त्यात कर्मचाऱ्यांचा विरोध हा दूर सारण्याचा अडथळा म्हणून येतो. या शास्त्राचा पाया घालणारे प्रयोग मात्र वेगळेच सांगतात : कामाच्या रचनेतील दोष पुष्कळदा विरोधातूनच प्रथम उघड होतो, आणि तो दोष ओळखण्याची तयारी ही नेतृत्वाची पहिली कसोटी ठरते.

जर्मनीतून १९३३ मध्ये अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन (१८९०–१९४७) यांच्यापासून या अभ्यासाला शास्त्रीय रूप आले. दुसऱ्या महायुद्धात मांसाचा तुटवडा असताना गृहिणींनी हृदय, मूत्रपिंड यांसारखे न खपणारे भाग स्वयंपाकात वापरावेत म्हणून त्यांनी दोन पद्धती तपासल्या. केवळ व्याख्यान ऐकलेल्या स्त्रियांपैकी ३ टक्के, तर आपसांत चर्चा करून गटाने निर्णय घेतलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी असा पदार्थ प्रत्यक्ष केला. जुनी घडी सैल करणे, बदल करणे आणि नवी घडी बसवणे ही त्रिस्तरीय मांडणी लेविन यांच्याच नावाने ओळखली जाते. तथापि तिचे आजचे ठाशीव रूप त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी घडवले, असे अलीकडच्या संशोधकांनी दाखवले आहे. लेविन यांच्या प्रभावाखालील लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी व्हर्जिनियातील हारवूड या पायजमा शिवणाऱ्या कारखान्यातील निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या गटाला नवी कामाची पद्धत फक्त कळवण्यात आली, त्यातील १७ टक्के कामगारांनी पहिल्या चाळीस दिवसांत नोकरी सोडली. ज्या गटांना पद्धत ठरवण्यात सहभागी करून घेतले होते, त्यांतील कोणीही काम सोडले नाही.

भारतात हा प्रश्न त्याआधीच रस्त्यावर आला होता. मुंबईच्या गिरणीमालकांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘रॅशनलायझेशन’च्या नावाखाली एका विणकराकडे दोनऐवजी तीन माग आणि सूतकताई खात्यात एका कामगाराकडे कताईयंत्रांच्या दुप्पट बाजू देण्यास सुरुवात केली. याचा अर्थ कामाचा ताण वाढणार आणि अनेकांची रोजी जाणार, हे कामगारांना लगेच उमगले. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. या संपातूनच श्रीपाद अमृत डांगे, अर्जुन आत्माराम आळवे प्रभृतींची गिरणी कामगार युनियन बलाढ्य झाली. मालकांना स्पर्धेमुळे खर्च कमी करायचा होता, हे खरे. परंतु त्याचा सारा भार कोणावर पडणार याविषयी कामगारांशी बोलणी झाली ती संप पुकारल्यानंतर. त्यानंतर कित्येक वर्षे कोणत्याही नव्या यंत्राकडे कापडगिरण्यांतील कामगार संशयाने पाहत राहिले.

या पार्श्वभूमीवर अहमदाबादच्या कॅलिको गिरणीतील प्रयोगाचे महत्त्व ध्यानात येते. अहमदाबाद त्या वेळी मुंबई राज्यातच होते. गौतम साराभाई यांच्या व्यवस्थापनाखालील या गिरणीत १९५२ मध्ये स्वयंचलित माग बसवण्यात आले. पण उत्पादन अपेक्षेइतके वाढेना आणि कापडही खराब निघे. १९५३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी खात्याची पाहणी केली. २२४ मागांवर २९ कामगार बारा वेगवेगळ्या कामांत विभागलेले होते. विणकर, बॉबिन भरणारा, तुटलेले धागे सांधणारा, माग नीट चालू ठेवणारा जॉबर, तेल घालणारा, झाडणारा अशा प्रत्येकाकडील मागांची संख्या निराळी असल्याने एका विणकराला अनेकांवर अवलंबून राहावे लागे आणि ठराविक मागांच्या कामगिरीसाठी कोणताही एक गट उत्तरदायी नव्हता. कामगार आळशी किंवा अडाणी आहेत, असे अनुमान येथे सहज काढता आले असते. राइस यांनी दोष माणसांत न शोधता वाटणीत शोधला, हे या प्रयोगाचे मर्म होय.

त्यांनी सुचवलेली रचना साधी होती : मागांचा एकेक ताफा एकेका लहान गटाकडे सोपवावा, त्या ताफ्यावरील बहुतेक सर्व कामे गटाने आपसांत वाटून घ्यावीत आणि गटाचा प्रमुख गटातलाच असावा. कल्पना कानी पडताच कामगारांनी ती आपलीशी केली आणि स्वतःच गट जुळवले. सुरुवातीला चढउतार झाले, पण घडी बसल्यावर मागांची कार्यक्षमता वाढली व खराब कापडाचे प्रमाण घटले. माग तेच होते आणि माणसेही बहुतांशी तीच होती.

याच गिरणीचा पुढचा इतिहास सांगितल्याशिवाय ही हकिकत अपुरी राहते. राइस यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फेरपाहणीत असे आढळले की साध्या मागांच्या ज्या खात्यांत ही गटपद्धती पुढे नेली होती त्यांपैकी एकात ती सुमारे दीड दशकानंतरही टिकून होती, परंतु स्वयंचलित मागांच्या खात्यात ती विरली होती. बाजाराच्या मागण्या बदलल्या, कापडाचे प्रकार बदलले, अडचणी वाढल्या तसे पर्यवेक्षक पुन्हा दैनंदिन कामात हस्तक्षेप करू लागले आणि गटांची स्वायत्तता हळूहळू गेली. बाहेरच्या दडपणापासून गटाला सावरून धरणे हे वरिष्ठांचे काम होते आणि ते सुटले, असा त्याचा अर्थ लावता येतो.

पुढील काळात नेतृत्वाची भूमिका अधिक ठळक झाली. हार्वर्डचे जॉन कॉटर यांनी गुंतागुंत हाताळणे म्हणजे व्यवस्थापन व बदल घडवणे म्हणजे नेतृत्व असा भेद केला आणि १९९५ मध्ये तातडीची जाणीव निर्माण करण्यापासून नवी रीत अंगवळणी पाडण्यापर्यंतचे आठ टप्पे मांडले. प्रशिक्षणवर्गांत ते अत्यंत लोकप्रिय आहेत. परिवर्तनाचे ७० टक्के प्रयत्न फसतात हे विधानही या टप्प्यांसोबत सतत उद्धृत होते. मात्र त्याला भक्कम आधार सापडत नाही, असे संशोधक मार्क ह्यूज यांनी २०११ मध्ये दाखवून दिले. कॉटर यांच्या टप्प्यांत बदलाचा आरंभ वरून होतो आणि कामगार संघटनेला त्यांत जवळजवळ स्थानच नाही, ही भारतीय वाचकाला जाणवणारी मोठी उणीव आहे.

भारतात ती जागा काही अंशी कायद्याने भरली. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ९-अ नुसार सेवाशर्तींत ठराविक बदल करण्यापूर्वी मालकाने संबंधित कामगारांना २१ दिवसांची सूचना देणे बंधनकारक झाले, आणि या बदलांच्या यादीत कामगारकपात संभवेल अशा यंत्रसुधारणेचा स्पष्ट समावेश होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही अशा सूचनेची तरतूद आहे. बँकांच्या संगणकीकरणाबाबत तर १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन ही बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात लेखी समझोता झाला. त्यात यंत्रांचा वापर कोठे व किती करायचा याच्या मर्यादा ठरल्या आणि पुढील समझोत्यांनी त्या टप्प्याटप्प्याने शिथिल केल्या.