पेटी गेली, बॉक्स आला

आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला एप्रिल-मे म्हणजे आगोटीचे दिवस. मिरग लागायच्या आत घरात चार महिन्यांचं सगळं भरून ठेवायचं, तांदूळ, कुळीथ, मसाला, कांद्याच्या माळा, आमसुलं, मीठ, सुकट, बोंबील, चुलीला लाकडं. पाऊस लागला की होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, रस्ता कुठे खचेल सांगता येत नाही, लाईट गेली की कधी येईल भरवसा नाही, त्यामुळे बेगमी आमच्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. २०२० च्या मार्चमध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, टीव्हीवर दाखवत होते की अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात लोक घाबरून दुकानं रिकामी करतायत, टॉयलेट पेपरसाठी रांगा लागल्यात, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "त्यांची आगोट आलीय."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण ते अर्धं बरोबर होतं. उद्या मिळेल की नाही ही शंका आली की माणूस आज जास्त घेतो, यात वेडेपणा काही नाही. फरक आहे तो वेळेचा. आगोट येणार हे दुकानदाराला माहीत असतं, सुकं मासं विकणाऱ्या बायकांना माहीत असतं, मिरची कुटणाऱ्या डंकवाल्याला माहीत असतं, सगळे दोन-तीन महिने आधीपासून तयारीला लागतात आणि खरेदी पण हळूहळू होते, या घराची आज, त्या घराची पुढच्या आठवड्यात. २४ मार्च २०२० ला रात्री ८ वाजता लॉकडाऊनची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून तो सुरू पण झाला, म्हणजे अख्ख्या देशाची आगोट एका रात्रीत. आठवड्याचं मीठ घेणाऱ्या प्रत्येक घराने फक्त दोन आठवड्यांचं घेतलं तरी त्या दिवसाची मागणी दुप्पट होते, खाणारी तोंडं तेवढीच असताना. फळी रिकामी दिसली की मागचा माणूस अजून जास्त घेतो. टंचाई मिठाची नसते, दुकानात त्या वेळी असलेल्या मिठाची असते.

यातून पुढे जे होतं त्याला अर्थशास्त्रात बुलव्हिप इफेक्ट म्हणतात, म्हणजे चाबकाचा परिणाम. चाबूक धरणारा हात थोडासा हलतो पण टोक केवढं तरी फिरतं, तसं. समजा गावातल्या दुकानात सॅनिटायझरच्या रोज ५ बाटल्या जायच्या, त्या १० जायला लागल्या. दुकानदार विचार करतो अजून वाढेल, तो २० मागवतो. तालुक्याच्या होलसेलरकडे अशा दहा दुकानांच्या डबल-डबल ऑर्डरी येतात, तो त्यावर स्वतःचं थोडं चढवतो, आणि कंपनीपर्यंत जाईस्तोवर पाचाच्या दहा झालेल्या बाटल्या पन्नास दिसायला लागतात. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणानेच वागतो, तरी साखळी म्हणून सगळं बिघडतं, कारण गिऱ्हाईक खरं किती वापरतंय हे वरच्याला दिसतच नाही, त्याला फक्त खालच्याची ऑर्डर दिसते. आपल्याकडे १३ मार्चला मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यात घातले, २०० मिलिच्या बाटलीला १०० रुपयांच्या वर घ्यायचे नाहीत असं ठरलं, साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या सुद्धा सॅनिटायझर बनवायला लागल्या. आणि मग चाबूक उलटा फिरला, वर्षभरात त्याच बाटल्या दुकानांच्या मागच्या खोलीत धूळ खात पडल्या. ज्या छोट्या दुकानदारांनी उधारीवर माल भरला होता त्यांचे पैसे त्यात अडकले.

पण झुंबड ही पहिल्या महिन्याची गोष्ट. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, की कुठल्या सवयी बदलल्या आणि बदललेल्या का टिकल्या.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर एक अभ्यास केला होता, २०१० मध्ये तो छापून आला. रोज जेवणाबरोबर पाणी पिणं, चालायला जाणं अशी एखादी नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असा हिशोब निघाला, पण कोणाला १८ लागले तर कोणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. आता आपला लॉकडाऊन बघा, २५ मार्च ते ३१ मे, चार टप्पे मिळून ६८ दिवस. एवढ्यावरून लगेच काही सिद्ध होत नाही, पण देशातल्या बहुतेक माणसांना एकाच वेळी जुना रस्ता बंद करून दोन महिने नव्या रस्त्याने चालायला लावलं, असं आधी कधी झालं होतं?

रस्ता बंद होण्यावरून लंडनचाच अजून एक अभ्यास सांगतो, मला तो फार आवडतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला, काही स्टेशनं बंद, काही चालू. लोकांनी वेगळ्या वाटेने ऑफिस गाठलं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या संशोधकांनी प्रवासकार्डांचा डेटा काढून बघितला तर संप मिटल्यावर बहुतेक लोक जुन्या मार्गावर परत गेले, पण सुमारे ५ टक्के गेलेच नाहीत. त्यांना नवा मार्ग बरा सापडला होता. तो आधीपासून तिथेच होता, फक्त रोजच्या घाईत शोधायला कोणी गेलं नव्हतं.

आमच्या मासळी बाजारात हे मी डोळ्यांनी बघितलंय. ज्या मावशींकडून आम्ही वर्षानुवर्षं बांगडे घेतो त्या २०२० च्या उन्हाळ्यात म्हणायच्या, "पैसे हातात नको देऊस, त्या फळीवर ठेव." मग फळीवरच्या नाण्यांवर तांब्याभर पाणी ओतायच्या आणि नोट चिमट्याने उचलून डब्यात टाकायच्या. ती भीती तेव्हा सगळीकडे होती, आणि तिला कारणही होतं. मार्चमध्येच एक शोधनिबंध आला होता की हा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर प्रयोगशाळेत ७२ तासांपर्यंत सापडतो, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत. नंतर कळलं की वस्तूंना हात लावून लागण होण्याचा धोका फारच कमी, आजार मुख्यतः श्वासातून पसरतो. पण हे कळेपर्यंत मावशींच्या नातवाने पाटीच्या बाजूला क्यूआर कोडचा कागद प्लास्टिकमध्ये घालून बांधला होता. आता नोटेची भीती कधीच गेली, कागद मात्र तिथेच आहे, जोडीला पैसे आल्याचं बोलून सांगणारा छोटा स्पीकर पण आलाय. मावशींना वाचता येत नाही, त्यांना तो स्पीकर फार सोयीचा. सुट्ट्या पैशांची कटकट मिटली हे त्या स्वतःच सांगतात.

म्हणजे सवय लागली भीतीने आणि टिकली ती सोयीने. त्यात अजून दोन गोष्टी होत्या. एक, १ जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे घेणाऱ्या दुकानदाराला त्यावर शुल्क द्यावं लागत नव्हतं, शंभरचे बांगडे विकले तर शंभरच जमा. दुसरी गोष्ट आठवडा बाजारासारखी आहे. बाजाराला गिऱ्हाईक जातं कारण विकणारे येतात आणि विकणारे येतात कारण गिऱ्हाईक येतं, पहिलं कोणी यायचं हाच प्रश्न असतो. यूपीआय २०१६ पासून होतं, पण मावशींकडे कोड नाही म्हणून आम्ही ॲप वापरत नव्हतो आणि आम्ही वापरत नाही म्हणून मावशींनी कोड घेतला नव्हता. कोरोनाने दोघांना एकदमच ढकललं. आकडे बघा, एप्रिल २०२० मध्ये सगळं बंद असल्यामुळे यूपीआयचे व्यवहार उलट खाली आले, महिन्याला १०० कोटींच्या जरा आत, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरला २०७ कोटी. ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याला १,००० कोटींच्या वर.

गंमत अशी की त्याच २०२०-२१ मध्ये देशात चलनात असलेल्या नोटांची किंमत पण जवळजवळ १७ टक्क्यांनी वाढली. व्यवहार मोबाईलवर चाललेत तर मग नोटा कशाला? हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली, घरांची छपरं उडाली, माडापोफळीच्या बागा झोपल्या, खांब पडले, टॉवर बंद, मोबाईलला चार्जिंग नाही. भरून ठेवलेली आगोट कित्येकांची भिजून गेली. त्या दिवसांत डब्यातली नोटच कामाला आली. रोजच्या खर्चाला मोबाईल आणि अडीनडीला रोकड, असं लोकांनी पैशाचं काम दोघांत वाटून घेतलं.

आता हापूस. लॉकडाऊन लागला तो नेमका सीझनच्या तोंडावर, झाडावर माल तयार आणि वाशीचा बाजार मध्येच चालू मध्येच बंद, गाडी मिळाली तर ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर मिळाला तर पास नाही. आमच्या दादाची बाग आहे. त्याची पद्धत वडिलांपासूनची, लाकडी पेटीत पाच डझन भरायचे, पेटी वाशीला दलालाकडे, आणि मग काही दिवसांनी पट्टी यायची, त्यात हमाली, तोलाई, वाहतूक कापून उरलेली रक्कम. आपला आंबा कोणी खाल्ला, त्याला कसा लागला, हे त्याला तीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. त्या वर्षी मुंबईतल्या एका सोसायटीत राहणाऱ्या पुतणीने व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, कोणाला आंबे हवेत का, आणि दोन दिवसांत चाळीस घरांची यादी आली. असं त्या सीझनला कोकणात शेकडो बागायतदारांचं झालं, मुंबई, पुणे, ठाण्याच्या सोसायट्यांच्या गेटवर टेम्पो उभे राहायला लागले.

वरवर बघितलं तर दलाल वगळला एवढंच, पण खरं तर सगळं कामच बदललं. घरच्या गिऱ्हाईकाला पाच डझन नको असतात, एक नाहीतर दोन डझन हवे, म्हणून लाकडी पेटी गेली आणि पुठ्ठ्याचा बॉक्स आला. आणि त्याहून मोठी अडचण पिकण्याची. आंबा हे झाडावरून उतरल्यावर पिकणारं फळ आहे, तयार झालेलं फळ काढलं की ते स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडायला लागतं, त्या वायूने पिकण्याची क्रिया सुरू होते आणि मग इथिलीन अजून वाढतो, म्हणूनच आढीत पेंढ्याच्या थरांमध्ये आंबे एकत्र ठेवले की शेजाऱ्याच्या नादाने सगळे पिकतात. आपल्याकडे चौदा आणे तयार आंबा काढतात, सोळा आणे झाडावर पिकू देत नाहीत. वाशीला कच्चा पाठवला की पिकवायची काळजी पुढच्याची. सोसायटीतल्या काकूंना मात्र बॉक्स उघडल्यावर वास यायला हवा, आणि सगळे बारा एकाच दिवशी पिकून पण चालत नाहीत. म्हणजे आंबा वाटेत किती तास राहणार, उकाडा किती आहे, हा सगळा हिशोब बागायतदाराकडे आला. दादाच्या पहिल्या खेपेतले कितीतरी बॉक्स खराब निघाले, लोकांनी फोटो पाठवले, त्याने स्वतःच्या खिशातून बदलून दिले. त्याची अवस्था बघून मला वाटलं होतं हा पुढच्या वर्षी निमूटपणे पेटीवर परत जाणार.

तो गेला पण आणि नाही पण. एवढ्या मोठ्या बागेचा सगळा माल फोनवरून विकता येत नाही, एकदम उन्हाळा तापला की आठवड्यात शेकडो पेट्या तयार होतात आणि तेवढा माल एका फटक्यात उचलायची ताकद आजही बाजारातच आहे. शिवाय दलाल सीझनच्या आधी ॲडव्हान्स देतो, फवारणी, खत, राखणीचा पैसा त्यातूनच येतो. दलालाला नुसतं खलनायक करणाऱ्यांना हा भाग दिसत नाही असं माझं मत आहे. तेव्हा त्याने वाटणी केली, निवडक माल बॉक्समध्ये ओळखीच्या घरांना, बाकीचा पेटीत वाशीला. लंडनच्या त्या ५ टक्क्यांसारखंच, जिथे नवी वाट खरंच बरी होती तिथेच ती राहिली.

जिथे तसा फायदा नव्हता तिथे सगळं परत गेलं. रोजचा काढा थांबला, दुधाच्या पिशव्या धुणं थांबलं. हॉटेलं, लग्नाचे हॉल पुन्हा भरले. रिझर्व्ह बँकेच्या अंदाजानुसार एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत कुटुंबांची आर्थिक बचत जीडीपीच्या २१ टक्क्यांच्या आसपास गेली होती, पुढच्याच तिमाहीत ती १०.४ वर आली. दुकानं बंद म्हणून पैसे राहिले होते आणि भीतीपोटी लोकांनी हात आखडला होता, दोन्ही सुटलं तसा खर्च सुरू झाला. पण या सरासरीत एक गोष्ट लपते आणि तिचा मला त्रास होतो. ज्याचा पगार चालू होता त्याची बचत वाढली, आणि मालवण-तारकर्लीला पर्यटकांच्या होड्या चालवणारा, गणपतीपुळ्याला घरगुती खानावळ चालवणारी बाई, यांनी त्याच महिन्यांत अंगावरचं सोनं गहाण टाकलं.

पेणच्या गणपती कारखानदारांचं पण असंच. मूर्तीचं काम वर्षभर चालतं, मोठ्या मूर्ती आधीच तयार होऊन उभ्या होत्या आणि जुलैमध्ये नियम आला की सार्वजनिक मूर्ती ४ फुटांच्या आत, घरगुती २ फुटांच्या आत. नियम साथीच्या दृष्टीने बरोबरच होता. पण गिऱ्हाईक एका दिवसात मन बदलू शकतं, ओतून वाळवलेली मूर्ती छोटी करता येत नाही, आणि धंदा बुडतो तो याच दोन वेगांच्या मधल्या फटीत.

यंदा एप्रिलमध्ये दादाच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, गेलो होतो. एका भिंतीला लाकडी पेट्यांची रास, दुसऱ्या भिंतीला घडी न उलगडलेले पुठ्ठे, मध्ये पेंढ्यावर आढी. फोनवर डोंबिवलीच्या कोणा काकूंशी बोलत होता, भाव नाही, पत्ता नाही, पहिला प्रश्न हाच, "काकू, खायला कधी घेणार?" उत्तर ऐकून त्याने आढीतले बारा आंबे बोटांनी दाबून वेगळे काढले, चार पिवळे, चार फिरलेले, चार हिरवे, आणि बॉक्सवर मार्करने लिहिलं, शनिवार.