मातापित्यांचा मान (ख्रिस्ती कर्तव्य)

आईवडिलांचा मान राखणे ही बायबलमधील दहा आज्ञांपैकी एक (निर्गम २०:१२, अनुवाद ५:१६). कॅथलिक व लुथरन ती चौथी मोजतात, अँग्लिकन व इतर बहुतेक प्रॉटेस्टंट पाचवी. मूळ हिब्रू क्रियापद वजनाशी नाते सांगते. मराठीत शब्दाला वजन असते म्हणतात, तोच भाव.

ही आज्ञा फक्त लहान मुलांची समजणे ही मोठीच चूक. आज्ञापालन बालपणाचे (इफिस ६:१). प्रौढांसाठी मान म्हणजे सांभाळ: औषधपाणी, पैसा, सोबत. देवाला वाहिले, ‘कुर्बान’ झाले, असे सांगून आईबापांना हात आखडणाऱ्यांना येशूने स्पष्ट दोष दिला (मार्क ७:९–१३). म्हणून देवळात वर्गणी देताना आईच्या गोळ्या संपल्यात का, हे आधी पाहावे.

नाशिकमध्ये खरा पेच अंत्यविधीला पडतो. एकोणिसाव्या शतकात शरणपूरला ख्रिस्ती वस्ती उभी राहिली, ती बरीचशी घर सोडून आलेल्यांची. आजही वडील हिंदू आणि मुलगा ख्रिस्ती अशी घरे आहेत. मुलगा खांदा देतो, खर्च उचलतो, दहा दिवस आईजवळ बसतो. पिंडदानाला मात्र सहसा बसत नाही. हे वडील हयात असतानाच त्यांना आणि भाऊबंदांना सांगावे. रामकुंडावर, भटजी खोळंबलेले असताना सांगितले की तो अपमानच ठरतो, आणि भावाभावांत कायमचा अबोला येतो.

कॅथलिक घरांत आजाऱ्यांना तेल लावण्याच्या संस्कारासाठी फादरांना फार उशिरा बोलावतात, कारण तेल म्हणजे मरण असा समज. हा संस्कार गंभीर आजाऱ्यासाठी आहे. आई शुद्धीत असतानाच निरोप धाडावा, म्हणजे तिला पापकबुली देता येते, ख्रिस्तप्रसाद घेता येतो.

आज्ञेला मर्यादा आहे. प्रेषित पौल इफिसकरांच्या पत्रात ‘प्रभूमध्ये’ आज्ञा पाळा म्हणतो आणि लगेच बापांना बजावतो, मुलांना चिरडीस आणू नका (इफिस ६:४). मनाविरुद्धचे लग्न किंवा मारहाण या वचनाच्या आडून खपवता येत नाही. अशा घरातला मुलगा वेगळा राहूनही दरमहा पैसे पाठवू शकतो, तोही मानच.

सांभाळ नाकारला गेल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली, धर्म कोणताही असो, आईवडील न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागू शकतात. कायद्यातील कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये. त्याआधी पाळक किंवा फादरांना मध्ये घालून भावंडांत वाटा ठरवावा, आणि तो कागदावर लिहावा.